पाचवा आलाच नाही

ताईच्या लॉन्ड्रीतल्या ड्रायरला घरात सगळे हत्ती म्हणायचे. नाव भावोजींनी ठेवलेलं. मशीन आलं त्या दिवशी ते दारातून आत शिरेना, शेवटी चौकट काढावी लागली, आणि आत शिरल्यावर त्याने निम्मी खोली अडवली. धाकटीने दिलेली भेट होती ती. सहा वर्षांपूर्वी तिला ऑफिसात भरघोस बोनस मिळाला, तेव्हा स्वतःसाठी साधा रुमालही न घेता तिने आधी हत्ती घेतला. आईवडिलांच्या मागे ताईनेच तिला वाढवलं होतं. थंडीवाऱ्यात ओल्या चादरी दोरीवर टाकून टाकून ताईच्या हातांना भेगा पडायच्या, आणि त्याच हातांच्या कमाईवर धाकटी शिकून मोठ्या पगाराला लागली होती. हत्ती सुरू होऊन पहिल्या गरम चादरी बाहेर आल्या, तेव्हा ताई त्या गालाला लावून रडली. धाकटीला वाटलं, चला, थोडे तरी पांग फेडले.

आज हत्ती बंद होता. त्याच्या डोक्यावर टॉवेलांची चळत आणि साबणाची खोकी रचली होती. मागच्या अंगणात दोऱ्या पुन्हा ताणल्या होत्या आणि ढगाळ हवेत हॉटेलच्या चादरी जड होऊन लोंबत होत्या.

"बिघडला का गं?" धाकटीने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं, तरी विचारलं.

"तो कशाला बिघडतोय? मीच उपाशी ठेवलाय त्याला," ताई म्हणाली. "काय ती भूक त्याची! नवीन दर आल्यापासून त्याला पोसू की घराला, असं झालंय. आणि हॉटेलवाला म्हणतो, चादरी सकाळी सातला हव्यात, नाहीतर दुसरी लॉन्ड्री बघतो. महिनाअखेरपर्यंत मुदत दिलीय मेल्याने. दोरीवरच्या चादरीला सातचं घड्याळ कळतं का?"

तिने हात पुसून धाकटीच्या खांद्यावर ठेवला. हाताला पुन्हा भेगा पडल्या होत्या. धाकटीने त्यांच्याकडे बघायचं टाळलं आणि टाळल्याची तिलाच लाज वाटली.

"बरं झालं आलीस. चारला शेजारची मंडळी बोलावलीत. बेकरीवाला, पार्लरवाली, बर्फवाला. सगळ्यांच्या बिलात ती एक नवीन ओळ आलीय, आणि कुणाला तिचा पत्ता लागत नाही. मी म्हटलं, माझी बहीण त्याच धंद्यातली आहे, ती सांगेल. तुला काय, हातचा मळ."

धाकटीने हत्तीच्या डोक्यावरची टॉवेलांची चळत उगाच सारखी केली.

त्या ओळीचं नाव होतं सागरी पवन समायोजन आकार. हे नाव ज्याने शोधलं त्याचा जाहीर सत्कार करायला हवा. वाचतावाचताच माणूस दमतो आणि पैसे भरून मोकळा होतो. धाकटी मात्र दमणाऱ्यांतली नव्हती. त्या ओळीमागे काय काय आहे ते तिला पाठ होतं, कारण त्यातला मोठा वाटा तिचाच होता.

समुद्रात पवनचक्क्या उभ्या करून वीज विकणाऱ्या एका कंपनीत ती दर काढायचं काम करायची. सरकार लिलाव पुकारायचं. हा लिलाव उलट्या चालीचा. जो सगळ्यात कमी दर मागेल तो आधी निवडला जायचा, मग त्याच्या वरचा, असं करत गरजेपुरती वीज भरली की दार बंद. लिफाफे बंद, कुणी कुणाला विचारायचं नाही. आणि गंमत अशी की निवडलेल्या सगळ्यांना एकच दर मिळायचा, शेवटी आत आलेल्याने लिहिलेला. हेतू चांगला होता. ज्याने त्याने आपला खरा खर्च लिहावा, उगाच डावपेच करू नयेत. वर सरकारने एक कमाल दर ठरवलेला, त्याच्या पलीकडे कुणी जायचं नाही. ज्याला जास्त हाव सुटेल तो बाहेर राहील, या भीतीवर सगळा डोलारा उभा होता.

त्या वर्षी जागा चार कंपन्यांपुरती होती आणि येणार होत्या पाच. धाकटीने पाती, खांब, तारा, जहाजांची भाडी, व्याज, सगळं धरून दर काढला होता. प्रामाणिक दर होता. साहेबांनी तो बघून नाक मुरडलं होतं, पण पाचजण आहेत म्हटल्यावर त्यांचाही इलाज नव्हता.

मग तो रविवार आला. रविवारी ती जेवायला ताईकडे असायची. त्या दिवशी दार उघडलं तर समोर भावोजी! ते क्रेनवाले, समुद्रात पाय रोवून उभं राहणाऱ्या जहाजावर कामाला. एकदा गेले की दोन-दोन महिने दिसायचे नाहीत. घरी आले की तेवढ्या महिन्यांचं सगळं बोलून टाकायचे, तेही वाऱ्यात बोलायची सवय झालेल्या आवाजात. गल्लीत त्यांना भोंगा म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं.

"अवचित सुट्टी!" ताटावर बसताबसता त्यांनी सांगून टाकलं. "त्या निळ्या टोप्यांच्या कंपनीसाठी समुद्राच्या तळाला भोकं पाडून माती तपासत होतो. निम्मं काम झालं, आणि वरून हुकूम, गुंडाळा आणि परत या. मातीचे नमुनेसुद्धा नेले नाहीत त्यांनी. धक्क्यावर पडलेत पिंपं भरून. आमचा कॅप्टन म्हणाला, मंडळींचं मन फिरलं, पैसेवाल्यांनी हात काढून घेतला. बाहेर कुठे बोलायचं नाही म्हणालाय. म्हणून घरी बोलतोय."

"म्हणजे आता गल्लीला ऐकू गेलं," ताई म्हणाली, आणि सगळे हसले.

धाकटी हसली नाही. तिच्या हातातला पावाचा तुकडा तसाच राहिला. निळ्या टोप्यांची कंपनी म्हणजे पाचवी. तळाची माती तपासल्याशिवाय कुणी दर भरत नाही, आणि नमुने धक्क्यावर टाकून जाणारा तर मुळीच भरत नाही. पाचवा येणार नव्हता. राहिले चार, आणि जागाही चारच. आता तिच्या कंपनीने काहीही लिहिलं तरी ती आतच, आणि जी सगळ्यात जास्त लिहील तिचाच दर सगळ्यांना.

"काय गं, काटा लागला का?" भावोजींनी विचारलं होतं आणि पाण्याचा पेला पुढे केला होता.

सोमवारी ती साहेबांच्या खोलीत गेली. "पाचवे बहुतेक येत नाहीत, माझ्या कानावर आलंय," एवढंच म्हणाली. कुठून कानावर आलं हे साहेबांनी विचारलं नाही. साहेब होण्यासाठी काय विचारायचं नाही हे कळावं लागतं. त्यांनी फक्त तिचा दर पुढे ओढला आणि पेन तिच्या हातात दिलं. मग तिने स्वतः, स्वतःच्या अक्षरात, कमाल दराच्या अगदी खालचा आकडा लिहिला. हात थरथरला वगैरे काही नाही. उलट त्या वेळी तिला स्वतःचं कौतुक वाटलं होतं, हेच तिला पुढे सगळ्यात जास्त टोचलं.

तिचाच आकडा शेवटचा ठरला. चौघांनाही तोच दर मिळाला, पंधरा वर्षांसाठी. ऑफिसात केक कापला, साहेबांनी खांद्यावर थाप मारली, बोनस आला, हत्ती आला. पवनचक्क्या उभ्या राहायला काही वर्षं गेली. काही तर भावोजींनीच आपल्या क्रेनने चढवल्या, आणि घरी येऊन प्रत्येकीचं वर्णन केलं. त्या फिरू लागल्या तेव्हा बाजारात विजेचा भाव उतरला होता. पण कंपन्यांना दर ठरलेला. मधला फरक कुणीतरी भरायचा, तो बिलातून वसूल होऊ लागला. ओळ आली, हत्ती उपाशी राहिला, आणि ताईच्या हातांना पुन्हा भेगा पडल्या.

धाकटीला वारा वाईट वाटत नव्हता, पवनचक्क्याही नाहीत. कुणालाही लुबाडायचं तिच्या मनात नव्हतं. पण ताईच्या ताटावरून उचललेली गोष्ट तिने ताईवरच उलटवली होती. हे ताईला कळलं तर? या एका विचाराने ती गेले दोन महिने नीट झोपली नव्हती. जगात तिचं म्हणावं असं हे एकच घर होतं.

चारला मंडळी जमली. इस्त्रीची टेबलं बाजूला सारली होती. बेकरीवाला पीठ झटकत आला, पार्लरवाली गळ्यात टॉवेल तसाच ठेवून आली, बर्फवाला दाराशीच उभा राहिला. कोपऱ्यात मळक्या चादरींच्या गाठोड्यावर भावोजी सिंहासनावर बसल्यासारखे बसले होते. आठवडाभराच्या सुट्टीवर होते.

"समजा," धाकटीने सुरुवात केली, "एका दवाखान्याला चादरी धुवून हव्यात. गावात पाच लॉन्ड्र्या, गरज चार लॉन्ड्र्यांपुरती. प्रत्येकीने बंद लिफाफ्यात दर द्यायचा."

"मी सगळ्यात कमी देणार," ताई म्हणाली. "दवाखाना पैसे वेळेवर देतो."

सगळे हसले. धाकटीने बाकीचं सांगितलं. स्वस्तातले चार निवडणार, चौघांना दर मात्र चौथ्याचा. बाजारात धुलाई महाग झाली तर लॉन्ड्र्या जादाचे पैसे परत देणार, स्वस्त झाली तर फरक दवाखान्याने भरायचा. "दवाखाना म्हणजे आपण. सध्या आपण भरतोय."

"थांबा जरा," बेकरीवाला म्हणाला. त्याचं डोकं भट्टीसारखं होतं, तापायला वेळ लागायचा पण मग थांबायचं नाही. "चौथ्याने जे लिहिलं ते सगळ्यांना. मग पाचव्याची भीती म्हणून चौथा जपून लिहिणार. बरोबर? आणि पाचवा आलाच नाही तर?"

"तर..." धाकटी म्हणाली, "चौथा वाटेल ते लिहू शकतो. मर्यादेच्या आत."

"आणि आपल्या वेळी पाचवा आला होता?"

"नाही."

"घ्या!" बेकरीवाल्याने मांडीवर हात मारला. पिठाचा ढग उडाला.

"पण लिफाफे बंद असतात ना?" पार्लरवालीने विचारलं. "पाचवा येणार नाही हे आधी कुणाला कसं कळणार?"

"नाही कळत," धाकटी म्हणाली. "कुणालाच नाही कळत." आवाज कोरडा पडला. सगळ्यांना वाटलं, बोलून बोलून घसा सुकला.

"कळत नाही कसं?" गाठोड्यावरून भोंगा वाजला. "आम्हाला कळलं होतं की! त्याच कंपनीचं काम करत होतो आम्ही. मातीची पिंपं टाकून पळाले. लिलावाच्या आधी चांगले दोन आठवडे. मला पक्कं आठवतंय, अवचित सुट्टी मिळाली होती, रविवार होता, घरी आलो आणि जेवताना..."

भावोजी थांबले.

त्यांना वाक्याच्या मध्ये थांबलेलं त्या खोलीत कुणी कधी पाहिलं नव्हतं. त्यांची नजर धाकटीवर आली. रागाची नव्हती. पेटी उचलताना क्रेनवाला एकदा वजनाचा अंदाज घेतो, तशी होती. मग ती हत्तीकडे गेली, त्याच्या डोक्यावरच्या खोक्यांकडे गेली, आणि परत आली. धाकटीने मान खाली घातली. आता ते म्हणतील, आता, असं तिला वाटलं, आणि खरं सांगायचं तर क्षणभर तिला बरंही वाटलं.

"मग?" बेकरीवाला हसत म्हणाला. "तुम्हाला कळलं म्हणजे साऱ्या बंदराला कळलं. हा भोंगा कुठे कुठे वाजला तेव्हा?"

"वाजला असेल," भावोजी म्हणाले. हसण्याचा प्रयत्न केला. "धक्क्यावर बोललो असेन. चहाच्या टपरीवर बोललो असेन. मला कुठे धरबंध असतो?"

"म्हणजे आमची बिलं तुमच्यापायी वाढली की हो!" पार्लरवाली म्हणाली आणि हास्याचा फवारा उडाला. बर्फवालाही हसला. ताई मात्र हसली नाही. तिचं लक्ष अंगणातल्या चादरींकडे गेलं होतं.

"खरंच बोललात तुम्ही असं?" तिने नवऱ्याला विचारलं. "कॅप्टनने बजावलं होतं ना?"

"बोललो असेन."

"तुमच्या जिभेला हाड म्हणून नाही," ताई म्हणाली. हे ती त्यांना रोज म्हणायची, पण आज त्यात थट्टा नव्हती. "आता महिनाअखेरीला त्या हॉटेलवाल्याला काय तोंड दाखवू? तुमची टपरीवरची करमणूक झाली, भोगायचं मी."

धाकटीचे ओठ हलले. मीच ती, असं म्हणायला दोन शब्द पुरले असते. पण खोलीत माणसं होती, ताईचा चेहरा लाल झाला होता, आणि तेवढ्यात बर्फवाल्याने बिल कमी करून घ्यायचा अर्ज कुणाकडे करायचा हे विचारलं. तिने त्याला अर्ज कुणाकडे करायचा ते सांगितलं. फार नीट सांगितलं.

मंडळी गेल्यावर ती अंगणात आली. भावोजी एकटेच चादरी काढत होते.

"भावोजी, त्या रविवारी मी..."

"ते टोक धर," ते म्हणाले.

तिने चादरीचं टोक धरलं. दोघांनी ताणली, झटकली, दुमडली. दर घडीला ती चार पावलं पुढे यायची, आपली टोकं त्यांच्या हातात द्यायची आणि खालची घडी उचलून पुन्हा मागे जायची. लहानपणी ताईबरोबर असंच करायची. टोकं घेताना भावोजी तिच्या हातांकडे बघत होते, तोंडाकडे नाही.

"मी ताईला सांगते," ती म्हणाली. "तुम्ही उगाच बोलणी खाताय."

"माझं काय, मी रोज खातो. मला पचतात." त्यांनी चादर चळतीवर ठेवली. "तिला ते मशीन तू दिलंस म्हणून आवडतं. कुणी आलं की आधी ते दाखवते, बंद असलं तरी. तेवढं राहू दे तिला."

"पण भावोजी, मला..."

"तुला सांगून मोकळं व्हायचंय, कळतंय मला," ते म्हणाले. आवाज इतका हळू होता की तो त्यांचा वाटेना. "तू मोकळी होशील. तिने मग काय करायचं?"

धाकटीला रडू आलं. भावोजींनी दुसरी चादर ओढली आणि टोक तिच्याकडे धरलं. ती थोडी ओलसरच होती, तरी त्यांनी घडी घातली.

जेवायला तिघेच बसले. धाकटी निघते म्हणत होती, पण ताईने तिची पर्स कपाटात टाकली. रस्सा गरम होता, मासा ताजा होता, आणि टेबलावर फक्त चमच्यांचा आवाज येत होता. ताईने दोनदा दोघांकडे पाहिलं. तिचा राग एव्हाना ओसरला होता. तिचा राग कुकरच्या वाफेसारखा, शिट्टी झाली की संपला.

"काय हो, बोललं म्हणून एवढं मनाला लावून घ्यायचं?" ती म्हणाली. "तुम्ही गप्प बसलात की घरात कुणी आजारी आहे असं वाटतं. सांगा की हिला, सोमवारी कुठे चाललाय ते. सकाळपासून माझं डोकं खाल्लं, नवीन जागा, नवीन कंपनी, कसली कसली भोकं."

पुढचा लिलाव चार महिन्यांवर होता. धाकटीने ताटावरून मान वर केली नाही.

"अजून काही ठरलं नाही," भावोजी म्हणाले.

"काय ठरलं नाही? बॅग भरून झाली तुमची! सकाळी तर जागेचं नावसुद्धा सांगत होतात."

"बदललं ते."

"कधी बदललं? तुम्ही दिवसभर घरात आहात." ताईला हसू आलं. "अहो, कॅप्टनने बाहेर बोलायचं नाही म्हणून सांगितलंय ना? मग घरात बोला की. ही काय बाहेरची आहे?"

भावोजींनी भांडं पुढे ओढलं, माशाचा मधला, बिनकाट्याचा तुकडा शोधला आणि धाकटीच्या ताटात वाढला.

"जेव," ते म्हणाले.